फक्त दिवा

"बाकी कशाला हात लावू नका. फक्त हा दिवा घालवा," तो म्हणाला.

गॅरेजवाल्या ताईने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि आपापली हजेरी लावून विझले. एक तेवढा हटून बसला. लाल वर्तुळ, मधे उद्गारचिन्ह.

"पिवळा असता तर म्हटलं असतं, सवडीने बघू," ती म्हणाली. "लाल म्हणजे थांबा. हँडब्रेक पूर्ण खाली आहे, तरी जळतोय. ब्रेक ऑइल कमी झालं असणार."

"नाही हो. सेन्सर बिघडलाय. त्याची वायर काढली की विझतो म्हणे."

"कोण म्हणतं?"

तो गडबडला. "असंच... ऐकलंय."

वायर काढली की दिवा विझतो, हे खरं होतं. पण हे गिऱ्हाइकाने गॅरेजवालीला सांगावं, याचं तिला नवल वाटलं. हे गॅरेज तिच्या सासऱ्यांचं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा पाने मुलाकडे न जाता सुनेकडे आले, कारण मुलाला स्क्रू कुठल्या बाजूने पिळायचा तेही आठवत नसे. म्हातारा अजून दारातल्या खुर्चीत बसून न विचारलेले सल्ले द्यायचा.

"गाडी तुमचीच ना?"

"बायकोच्या नावावर आहे. उद्या सकाळी घाट उतरायचाय, म्हणून घाई."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो पाठ फिरवून भिंतीपाशी गेला. पण पत्र्याच्या छपराखाली कुजबुजसुद्धा फिरून परत येते.

"हो गं. फक्त दिवाच सांगितलाय... नाही, नाही, उघडू नाही देणार. तू म्हणालीस तसंच."

ताईचे कान टवकारले. गाडी बायकोची, म्हणजे उद्या घाटात चालवणार तीच, आणि पढवणारी ही दुसरीच कोण?

"संध्याकाळी या," ती एवढंच म्हणाली.

तो गेल्यावर तिने बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल बाटलीच्या तळाला गेलं होतं. मग गाडी जॅकवर चढवून ती खाली शिरली. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावर ओल होती.

"जुनी गाडी. गळणारच," सासरे खुर्चीतून म्हणाले. "तुला लोण्यातही खडा दिसतो."

"बाबा, जरा वाकून बघा."

म्हातारा कण्हत वाकला. नळीवर, बोल्टांवर, सगळीकडे गंज चढलेला. फक्त जोडावरच्या नटाच्या कडा घासून चांदीसारख्या चकाकत होत्या. कोणीतरी नुकताच पाना लावून तो सैल केला होता. अगदी बेताने. गावात फिरताना कळू नये आणि उतारावर मात्र एकदम दगा द्यावा, इतपत.

सासऱ्यांनी नटावरून बोट फिरवलं आणि बोटावरची ओल बघितली.

"पोलिसांना सांगू?" तिने विचारलं.

"काय दाखवशील? नट? उद्या म्हणेल, तुमच्याच पान्याने झालं. आधी त्याच्या बायकोच्या कानावर घाल."

ताईने नट काढून नवा बसवला, नळी बदलली, ऑइल भरलं, नळीत अडकलेली हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. दिवाही गेला. मग तिने त्याला फोन लावला.

"दिवा गेला. पण गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याच ताब्यात देते मी."

"तिला कशाला उगाच त्रास?"

"आमचा नियम आहे." नियम तिने त्याच क्षणी केला होता.

ऊन कललं तेव्हा दोघं आली. ताईने त्याला टायरमधली हवा बघायच्या निमित्ताने बाहेर सासऱ्यांच्या हवाली केलं आणि त्याच्या बायकोला आतल्या खोलीत नेलं. बाई नीटनेटकी, मऊ आवाजाची. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली. काचेतून तो दिसत होता. म्हाताऱ्याच्या गप्पांना मान डोलावत होता आणि दर थोड्या वेळाने खोलीकडे बघत होता.

"शांतपणे ऐका," ताई म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. नट, चकाकणाऱ्या कडा, "फक्त दिवा" हा हेका, फोनवरची ती दुसरी बाई.

बाईचा चेहरा उतरत गेला.

"ह्यांना सांगितलंत यातलं काही?"

"एक शब्द नाही. त्यांना वाटतंय, मी नुसती वायर काढली."

बाईने रोखलेला श्वास सोडला. "बरं केलंत." मग हळूच विचारलं, "हे असंच राहिलं असतं, तर घाटात..."

"दोन-तीन वळणं घेतली असती. मग पाय थेट तळाला, आणि गाडी खाली."

"नक्की?"

"नक्की." ताईने तिचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता. "पण आता घाबरायचं कारण नाही. घरी जायचं नसेल तर आमच्याकडे राहा. पोलिसांकडे जायचं म्हणाल तर मी सोबत येते. आणि गाडीची काळजी सोडा. उद्या अगदी निर्धास्त चालवा."

"मला कुठे गाडी चालवता येते?" बाई म्हणाली. "उद्या हे एकटेच जाणार आहेत."

ताईच्या हातातला आपला हात तिने अलगद सोडवून घेतला. एकदा काचेतून बाहेर नजर टाकली, खुर्ची थोडी पुढे ओढली, आणि त्याच मऊ आवाजात विचारलं,

"तो नट परत होता तसा सैल करून द्याल?"