संदर्भसूचीतली सवत

‘सवत नगं बाई, जरी सोन्याची बाहुली,
माझ्या अंगणात एकच पडू दे साउली.’

जात्यावर बसलेल्या मावशीचा तो आवाज मंदाकिनीच्या कानात इतक्या वर्षांनी घुमला, तो विश्रांतवाडीच्या रिक्षात. तिच्या मांडीवर नवऱ्याच्या निवृत्तीच्या सत्काराची पत्रिका होती. पत्रिकेवर त्याच्याच अक्षरात नाव होतं, डॉ. विजयमाला.

मावशीला निदान सवत डोळ्यांनी दिसली होती. मंदाकिनीची सवत छापील होती.

दीनानाथ साथीच्या रोगांचा अभ्यासक. लग्नाच्या नवलाईत त्यानेच तिला समजावलं होतं, “आमच्यात माणसाचा मान कशावर ठरतो, ठाऊक आहे? दुसऱ्यांनी आपापल्या लेखात त्याचं नाव किती वेळा घेतलं, त्यावर.”

मंदाकिनी शाळेत मराठी शिकवायची. इंग्रजी लेखांतले तक्ते आणि आलेख काही तिच्या गावचे नव्हते. ती थेट शेवटची संदर्भसूची उघडायची, नवऱ्याचं नाव शोधायची आणि सापडलं की त्या दिवशी घरात शिरा व्हायचा.

पुढे नाव सापडेनासं झालं. दीनानाथचा तरुणपणचा तो एक लेख जगाने हळूहळू सोडून दिला. विजयमाला मात्र सोडीना. विषय पाण्याचा असो, गटारांचा असो की बाळंतिणींचा, तिच्या प्रत्येक लेखाच्या शेवटी दीनानाथचं नाव असायचंच. नव्या नवरीने उखाण्यात घ्यावं, तसं.

तिचा लेख टपालाने आला की दीनानाथ दार लोटून बसायचा. जेवायला हाक मारली तर आतून “भूक नाही” यायचं. बाहेर आला की डोळे लाल.

“कोण हो ही?” तिने एकदा विचारलंच.

“माझं वाचते.”

“मीही तुमच्यासाठी तीस वर्षं पोळ्या लाटल्या. त्याचा दाखला कुठे छापून येतो का, बघा जरा!”

तो हसला नाही. पाणी उकळलंय का, एवढंच विचारलं आणि पेला घेऊन पुन्हा आत गेला.

आणि आता सत्कार ठरला, तर म्हणाला, “मंदा, माझ्याकडून एकच पाहुणा. ती येईल का, माहीत नाही. पण यायला हवी.”

“मग मीच देऊन येते की पत्रिका,” मंदाकिनी म्हणाली.

“तू?” तो खुर्चीतून अर्धवट उठला, मग पुन्हा बसला. “जा. कधीतरी व्हायचंच होतं.”

त्या शेवटच्या वाक्याने तिच्या काळजात काटा मोडला. साताऱ्याच्या भावाला तिने मनातल्या मनात कळवूनही टाकलं, मी येतेय, कायमची.

दार उघडलं ते चाळिशी ओलांडलेल्या सावळ्या बाईने. केसांत रुपेरी रेघ, गळा मोकळा. मंदाकिनीची नजर आधी त्या गळ्यावर गेली.

“मी दीनानाथांची बायको.”

विजयमालाने बाजूला होऊन वाट दिली. “या ना वहिनी. बसा.”

खोलीत फार काही नव्हतं. टेबलावर दीनानाथचा तो जुना लेख होता. पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. मंदाकिनीने स्वतःच्या घरातही तो इतका जपलेला पाहिला नव्हता.

पत्रिका वाचून विजयमालाने घडी घातली. “मला नाही जमायचं यायला.”

“का? माझी अडचण होते?”

“तुमची नाही.”

“सगळ्यांनी यांना सोडलं. तुम्ही तेवढ्या धरून बसलात.”

“मला सोडता येत नाही, वहिनी.”

“कधीपासून?”

“खूप लहान होते. आमच्या वस्तीवर आले होते ते. पांढरा शर्ट, काचेच्या बाटल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, शाळेत जातेस ना? दुसरं कुणी असं विचारलंच नव्हतं. त्यांच्यामुळेच मी हे शिकले.”

“म्हणजे तेव्हापासून यांचं नाव घेताय!” मंदाकिनी उठून उभी राहिली. “त्यांना सांगितलंत कधी मनातलं?”

“नाही. ते लेख वाचतात, तेवढं त्यांना कळतं. बाकीचं कुणालाच सांगितलं नाही.”

“मग मला सांगा. मी आज ऐकूनच जाणार. का घेता प्रत्येक लेखात माझ्या नवऱ्याचं नाव?”

विजयमालाने त्या मऊ पानांवर तळहात ठेवला.

“त्यांनी आमच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे असं छापलं, म्हणून ती कुणी बुजवली नाही, आणि त्याच पाण्याच्या काविळीने माझी आई पोटातल्या बाळासकट गेली, ते चुकले होते, वहिनी, एवढंच मी दर वेळी लिहिते.”