तिसरी विहीर

घराच्या पाटीवर बाबांनी हौसेने ‘रहोबोथ’ लिहून घेतलं होतं. रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा. बाबा गेले आणि दोघा भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली. आईची खाट दोघांच्या दारांमधल्या बोळात आली. कूस बदलली की कोपर भिंतीला लागायचं. थोरला म्हणायचा, “आई, खाट जरा तिकडे घे.” धाकटा म्हणायचा, “जरा इकडे.”

बाबांच्या स्मरणदिनी चर्चचे पाळकसाहेब आले. ते उपदेश गाऊनच करत. बसायला जागा नव्हती, म्हणून खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

“काय गाऊ, आजी?”

“पाटीवरचं नाव कुठून आलं, ते गा.”

त्यांनी सूर लावला. बायबलातल्या इसहाकाने विहीर खणली. गुराखी भांडायला आले, तो ती सोडून निघाला. दुसरी खणली, पुन्हा भांडण, तीही सोडली. तिसरीवर मात्र कुणी भांडलं नाही, म्हणून तिचं नाव त्याने रहोबोथ ठेवलं.

‘आमेन’ झालं तरी आई डोळे मिटूनच होती.

“अगं बाई, मी तर पहिल्याच विहिरीवर बसून राहिले की! ती पाटी काढून द्या रे. मी तुमच्या मावशीकडे राहायला जाते.”

“मावशीची एवढीशी एकच खोली, तिला हे नाव?” बाबा गेल्यापासून भाऊ पहिल्यांदाच एका सुरात बोलले.

“इसहाकाने विहीर मोजली नव्हती, बाळांनो. भांडायला कुणी आलं नाही, एवढंच पाहिलं.”