ताईची वर्दी

"साहेब, मला पोलीस व्हायचंच नसेल तर चालेल?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून ताईच्या स्मृतिदिनाच्या मंडपात तिने पाहुण्या पोलीस साहेबांना विचारूनच टाकलं.

नाकाबंदीत ट्रकखाली गेलेल्या फौजदार ताईची वर्दी आईने टिपा घालून धाकटीच्या मापाची केली होती. दर स्मृतिदिनाला एकेक टीप उसवायची. यंदा शेवटचीही उसवली. "ताईची जागा आता हीच घेणार," सगळे म्हणाले. कॉलर गळ्याला काचत होती.

साहेब हसले. "भरती होताना ताईने कुणाची परवानगी घेतली होती गं?"

"कुणाचीच नाही! बाबा वर्षभर बोलले नव्हते तिच्याशी." बोलून ती थबकली. समोरच्या रांगेत बाबांनी मान खाली घातली.

घरी पोचताच तिने अंगावरची वर्दी उतरवून तिची घडी आईच्या मांडीवर ठेवली. "आईबाबा, पुढच्या वर्षी ताईला कडक सॅल्यूट मीच ठोकणार, पण माझ्या कपड्यांत!"