दुसरा गिअर सुटतो

लेथवाल्याने दूधवाल्याच्या गाडीचं इंजिन न उघडताच परत पाठवलं. सोबत निरोप होता: यापुढे गिअरचं काम पाठवू नकोस, माझा माणूस आता काम करत नाही.

झटपट मिस्त्रीने वर आपल्या बोर्डाकडे पाहिलं. दुकानावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'गिअर बॉक्स स्पेशालिस्ट'. आणि खरी गोष्ट अशी, की गेल्या चार वर्षांत त्याने एकही गिअर बॉक्स स्वतः दुरुस्त केला नव्हता. क्लच, ब्रेक, कार्ब्युरेटर यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण गिअरचं काम आलं की तो इंजिन पोत्यात गुंडाळून बाजारापलीकडे लेथ मशीनवर लोखंड कातणाऱ्या त्या लेथवाल्याकडे पोचवायचा, दोन दिवसांनी आणायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "जरा किचकट होतं, पण जमवलं."

गिऱ्हाईक खूश व्हायचं. तो मात्र आपल्याच बोर्डाखालून मान खाली घालून आत जायचा.

आता हे इंजिन कुठे लपवावं, असा विचार करत असतानाच दारात एक मोटरसायकल थांबली. चालवत होती वस्तादांची सून. मागे वस्ताद.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. वस्तादांच्या हाताखाली तो सहा वर्षं शिकला होता. त्याच्या उतावळेपणावरून 'झटपट' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. गिअरचं शिकायची वेळ आली आणि एका सकाळी हा पठ्ठ्या न सांगता निघून गेला. गेला तोही लांब नाही, त्यांच्याच रस्त्यावर दुकान थाटलं. वर्षभरात वस्तादांना कुलूप लावावं लागलं.

"दुसरा गिअर टाकला की सुटतो," सून म्हणाली. "काल चढावर सुटला. मागे ट्रक होता, थोडक्यात वाचले. मी म्हटलं कंपनीत दाखवू, तर बाबांचं एकच, इथेच न्यायची." तिने सासऱ्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं. "माझी शाळा सुटली की चारला येते मी."

वस्ताद थकलेत, झटपटच्या मनात आलं. त्यांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आपण ओशाळू नये म्हणून नजर टाळतायत, असं वाटून त्याला दुप्पट लाज वाटली.

"वस्ताद, गाडी ठेवून जा ना. दोन दिवसांत घरपोच करतो."

"मी बसतो. उघड."

"क्लचची केबल ढिली असेल नुसती."

"असेल तर बघ."

केबल ठीक होती. ऑइल ठीक होतं. पायाखालचा गिअरचा दांडाही ठीक होता. एकेक गोष्ट ठीक निघत गेली तसतसा त्याला घाम फुटत गेला. शेवटी इंजिन खाली उतरवून दोन भाग वेगळे करण्यावाचून इलाज उरला नाही. आत चाकांना चाकं लागलेली. कुठून सुरुवात करावी तेच त्याला कळेना.

"काय दिसतं?" वस्तादांनी विचारलं. तोंड रस्त्याकडे होतं. परीक्षाच घेत होते म्हणायची.

"दात शाबूत आहेत."

"दातांचं नंतर. चाक सरकवणारा काटा बघ, दोन पायांचा. रंग कसा आहे?"

"करडा... एका पायाला काळसर आहे."

"काळं असेल तर नुसतं ऑइल. कापडाने पूस."

त्याने पुसलं. "निळसर आहे."

"मग तो घासून तापलाय. काचेवर आडवा ठेव. खालून उजेड येतो का?"

येत होता. केसाएवढा.

"वाकलाय!" झटपट ओरडला. "म्हणजे चाक पुरतं आत सरकत नाही, आणि चढावर जोर आला की गिअर सुटतो!"

"बोंबलू नको. नवा काटा घेऊन ये."

शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून त्याने काटा आणला. बसवताना वस्ताद बसल्या जागेवरून सांगत होते: आधी हे, मग ते, घाई केलीस तर पुन्हा उघडशील. साडेतीनला गाडी उभी राहिली. त्याने ती समोरच्या चढावर दोनदा नेली. दुसरा गिअर घट्ट धरून होता.

आयुष्यातलं पहिलं गिअरचं काम. आनंदाने नाचायला हवं होतं, पण परत येताना तो बोर्ड समोरून दिसला आणि सगळा आनंद विरला. तो वस्तादांच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"वस्ताद, मी खोटा माणूस आहे. गिअरचं मला ओ की ठो येत नाही. चार वर्षं लेथवाल्याकडून करून आणतोय आणि नाव स्वतःचं लावतोय. तुमचं दुकान बुडवलं आणि वर हे धंदे."

वस्तादांनी हात पुढे केला. तो आधी हवेत फिरला, मग त्याच्या खांद्यावर टेकला.

"ठाऊक आहे मला."

"लेथवाल्याने सांगितलं?"

"त्याला लेथपलीकडे काय येतं रे? तो सगळं माझ्याकडे आणायचा. तुझं एकेक इंजिन माझ्याच हातून गेलंय. महिना झाला, डोळ्यांना दिसायचं बंद झालं, म्हणून आलो."