समोरून, बाजूने, वाकून

“पोट आत घेऊ नकोस,” नवरा म्हणाला. “आहे तसं येऊ दे.”

तिने श्वास सोडला. पोट आपल्या जागी आलं. सिझेरियनला वर्ष झालं तरी त्याने ती जागा सोडली नव्हती.

सर्जनच्या दवाखान्यातून सकाळी यादी आली होती. मंगळवारी भेट, त्याआधी आठ फोटो पाठवा. मागे साधं कापड हवं, उजेड समोरून हवा, फोटो दुसऱ्या कुणीतरी काढावेत. हे शेवटचं वाचून ती अर्धा तास घरात उगाच आवराआवर करत फिरली. मग पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवून स्वतःच दोन काढून पाहिले. एकात नुसती कोपरं आली, दुसऱ्यात बाळाच्या खाटेचा कठडा. शेवटी तिने हाक मारली, “अरे, जरा येतोस का?”

तो आला तो कामालाच लागला. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करायची, हे त्याचं रोजचं काम. पोचे, चरे, फुटलेले दिवे, सगळं चारी बाजूंनी टिपायची सवय. त्याने कपाटाच्या दारांवर बिनफुलांची चादर चिमटे लावून ताणून बसवली. खिडकीचा पडदा सारला. तिला खांद्यांना धरून तसूभर डावीकडे केलं.

“आता तिरकी हो. अजून. हां, थांब. परत आत घेतलंस.”

“आपोआप जातं रे.”

“खरं दिसायला हवं बाई. नाहीतर क्लेम नामंजूर.”

ती खुदकन हसली. हसताना पोट हललं, तशी गप्प झाली.

“हलला,” तो म्हणाला. “परत घेतो.”

खाटेत बाळ झोपलेलं, म्हणून दोघं दबक्या आवाजात बोलत होते. भर दुपारी, चोरी करत असल्यासारखे.

सुटलेलं पोट सपाट करून घ्यायच्या ऑपरेशनचा विषय तिने पहिल्यांदा काढला, तेव्हा तो म्हणाला होता, “तुझं शरीर आहे. तू ठरव. मी आहेच.” वाक्य इतकं शहाणं होतं की तिने ते मोठ्या बहिणीला फोनवर ऐकवलंसुद्धा. ताई म्हणाली, “नशीबवान आहेस. आमच्या यांनी तर माझ्या पोटाला टोपणनाव ठेवलंय.” फोन ठेवल्यावर तिला त्या टोपणनावाचाच हेवा वाटला.

नको करूस म्हण, नाहीतर करच म्हण. तिला दोन्ही चाललं असतं. मंगळवारी सर्जन विचारणार होत्या, कशासाठी करायचंय? त्याचं उत्तर तिला इथे, या माणसाकडून हवं होतं.

“कमरेचं जरा खाली कर,” तो यादी वाचत म्हणाला. “टाक्यांची खूण पूर्ण दिसली पाहिजे, लिहिलंय.”

तिने केलं. तो गुडघ्यांवर बसला, फोन जवळ नेला. मग फोन बाजूला घेऊन त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

“एवढी लांब आहे?”

“हो.”

“मला वाटलं, एवढीशी असेल.” त्याने दोन बोटांत अंतर दाखवलं.

ती हलली नाही. वर्षभर ती दिवा मालवून कपडे बदलत होती, न्हाणीतून येताना टॉवेलला दोन वेढे घेत होती. आता तो काहीतरी म्हणेल. दुखतं का, विचारेल. बोट लावून बघेल. लावलं असतं तर तिने सांगितलं असतं, की तिथे काही कळतच नाही, चिमटा काढला तरी.

“चमकतंय,” तो म्हणाला. “अर्धं पाऊल मागे जा.”

ती अर्धं पाऊल मागे गेली.

मग दोन्ही बाजू झाल्या, पाठमोरा झाला. मग वाकून. वाकल्यावर पोट सुटून खाली लोंबलं. तिने डोळे मिटून घेतले.

“हात गुडघ्यांवर. हनुवटी येतेय बघ मध्ये.” त्याने दोन बोटांनी तिची मान हलकेच पलीकडे वळवली. “हां. आता बसून एक, की झालं.”

बसून एक झाला. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून तपासायला लागला. हयगय त्याच्या स्वभावातच नव्हती.

“हा काय सुरेख आलाय!”

तिने लगबगीने पुढे होऊन पाहिलं. वाकलेला होता.

“उजेड बघ ना, कसा पडलाय,” तो म्हणाला.

त्याचा अंगठा जरा जास्त सरकला आणि त्याच्या फोनमधले मागचे फोटो आले. बाळ झोपलेलं, बाळ रांगताना, बाळाचा पहिला दात. मध्येच चमचा धरलेला एक हात, एक खांदा, बाळाच्या बगलांत घातलेली दहा बोटं. ती तिची होती. तो पटकन पुढच्या फोटोंवर आला, आठही निवडले, पाठवून दिले.

तिने गाऊन खाली ओढला. केस कानांमागे सारले. खिडकीतला उजेड अजून तसाच होता.

“एक माझा काढतोस?” ती म्हणाली. “नुसता. चेहऱ्याचा.”

आणि ती चादरीसमोर जाऊन उभी राहिली, ओठांवर हसू आणून.

त्याने घाईने यादी पुन्हा उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली, परत वर आला.

“अगं, आठच आहेत,” तो म्हणाला. “चेहरा त्यांनी कुठेच मागितलेला नाहीये.”