नुसता 'हॅड'

फळ्यावर गो अवे, गिव्ह अप, टर्न अप अशी सहा क्रियापदं होती. सोनटक्के काकांच्या वहीत वाक्य मात्र एकच: 'माय वाइफ हॅड गॉन अवे.'

माझ्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात साठी उलटलेले ते एकटेच. मी लाल पेन उचललं. आपल्या लोकांची ही जुनी खोड. मराठीत 'गेली होती' म्हणतो ना, मग इंग्रजीतही दिसेल तिथे 'हॅड' चिकटवायचा.

"काका, नुसता हॅड चालत नाही," मी म्हटलं. "काकू बाहेरगावी गेल्या होत्या, बरोबर. पण त्यानंतर काय घडलं? पाहुणे आले, दूध उतू गेलं, काहीतरी. ती दुसरी घटना लिहिल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही."

"लिहितो," म्हणत ते बाकावर जाऊन बसले. बाकीच्यांनी सहा-सहा वाक्यं दाखवली, पिशव्या आवरल्या, गेलेही. काका अजून पेनाचं टोपण उघडून बसले होते.

मी जवळ गेले. ओळीपुढची जागा कोरीच होती.

"तिला जाऊन चार वर्षं झाली, मॅडम," ते म्हणाले. "खूप आठवून पाहिलं. त्यानंतर काही घडलंच नाही."