वरचा बांध

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात अणदूरकडच्या एका गावात ग्रामसभा भरली, तेव्हा गजराबाई आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या पुढं जाऊन बसल्या.

विषय एकच होता. गावाबाहेर माणिकप्पांच्या रानात चौदा घरांचं प्लॉटिंग पडलं होतं. तुळजापूरचा रणधीर नावाचा तरुण ते करत होता. तिथं जायला धड रस्ता दाखवल्याशिवाय ग्रामपंचायत ना-हरकत देणार नव्हती. त्या बाजूच्या वस्तीलाही रस्ता हवाच होता. चिखलाच्या दिवसांत अँब्युलन्स आत येत नसे, आजाऱ्याला बाजेवर घालून हायवेपर्यंत न्यावं लागे. नकाशात जुनी गाडीवाट होती, गजराबाईंच्या शेताच्या वरच्या बांधाला लागून. तीच रुंद करायची ठरली.

आणि त्याच बांधावर, लिंबाखाली, गजराबाईंची लेक होती.

राजेश्वरी, घरच्यांची राजी. अठ्ठ्याहत्तर साली तापानं गेली, आठ महिन्यांची असताना. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, रानात पुरतात. पुरुषच जातात. आईला नेत नाहीत आणि जागाही दाखवत नाहीत. दाखवली तर तिचा पाय घरात ठरत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. गजराबाईंचे मालक ज्ञानोबा आणि त्यांचा अठरा वर्षांचा भाऊ गोरोबा, असे दोघंच गेले होते. परत आल्यावर दोघांनीही तोंड उघडलं नाही.

गजराबाईंनी अन्न सोडलं. पाण्यावर किती दिवस काढले, ते त्यांना आठवत नाही. शेवटी ज्ञानोबांनी त्यांना रानात नेलं आणि लिंबाकडं बोट केलं.

"तिथं हाय. आता जेव."

त्या जेवल्या. तेव्हापासून दर पंचमीला, गावातल्या लेकी माहेरी आल्या की, त्या लिंबाखाली मूठभर लाह्या आणि बांगड्यांचा जोड ठेवायच्या. कासाराकडं दरसाल थोडं मोठं माप मागायच्या. लेक अठरा वर्षांची झाली असती त्या साली त्यांनी पहिल्यांदा हिरव्या बांगड्या घेतल्या. ज्ञानोबा हे सगळं लांबून बघायचे आणि मान खाली घालून पाणी धरायला जायचे. पुढं तेही गेले.

ग्रामसभेत गजराबाईंचे शब्द पक्के होते. वरचा बांध सोडा, खालच्या बांधाकडनं रस्ता न्या, माझ्या वाटणीतली पट्टी मी देते. सरपंच शिवशरण यांनी दोनदा विचारलं. सुपीक रान आहे काकू, तीस फूट जाईल. जाऊ द्या, म्हणाल्या.

मग मागून गोरोबा उठले. सभेत कधी न बोलणारा माणूस.

"रस्ता वरनंच जाऊ द्या."

लिंबाखाली काय आहे, हे गावाला ठाऊक होतं.

"कोपऱ्यावरचा प्लॉट ठरलाय व्हय, तात्या?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले. गोरोबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"वाट नकाशात वर हाय," ते म्हणाले. "खालचं रान उकरू नका."

गजराबाई मागं वळल्या. "भावजी, तुमच्या हातानं तिला मातीत ठेवलंय. तुमाला कायच वाटत न्हाय?"

"वाटतं की, वैनी," गोरोबा म्हणाले आणि खाली बसले.

ठराव झाला. रस्ता खालून.

त्या आठवड्यात गोरोबा तीनदा गजराबाईंच्या ओट्यावर येऊन बसले. पाणी मागायचे, तेच तेच बोलायचे, आणि का म्हणून विचारलं की जमिनीकडं बघत राहायचे. तिसऱ्यांदा त्यांची बायको सत्यभामाही सोबत आली. यांचं ऐका जाऊबाई, म्हणाली, काय ते मलाही सांगत नाहीत, पण भाकरी गिळत नाहीत. गजराबाईंनी तांब्या उचलून आत नेला आणि दार लावून घेतलं.

जेसीबी लागला त्या दिवशी गोरोबा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उन्हात यंत्राजवळ उभे होते. माती उपसली की वाकून बघायचे, हातानं चाचपायचे. ड्रायव्हरला वाटलं, मालकाचाच माणूस. त्यानं चहा पुढं केला. गजराबाईंनी दारातून ते पाहिलं. त्यानंतर चार वर्षं त्या दिराशी बोलल्या नाहीत.

चौदा घरं झाली. रणधीर प्लॉट विकून तुळजापूरला गेला, तिकडंच दुसरं काम धरलं. माणिकप्पा लातूरला लेकाकडं राहायला गेले. शिवशरण पुढची निवडणूक त्या रस्त्यावरच जिंकले. पहिल्याच पावसात अँब्युलन्स वस्तीपर्यंत आली, तिच्यातून गेलेली बाई बाळ घेऊन घरी आली. वस्तीवरच्या बायका गजराबाईंचे पाय धरायच्या. लिंब शाबूत राहिला. रानातली पायवाट मोडल्यामुळं गजराबाई पंचमीला त्या डांबरी रस्त्यानंच लिंबाकडं जायच्या.

गोरोबांनी त्या रस्त्यावर कधी पाऊल ठेवलं नाही. गुडघे धरले होते, तरी ओढ्यातून वळसा घालून शेताला जायचे. तोंड दाखवायला लाज वाटत असेल, असं गाव म्हणायचं.

तेवीस साली ते अंथरुणाला खिळले. सत्यभामा आता एकटीच आहे त्या घरात. जावा-जावा रोज सोबत बसतात, फारसं बोलत नाहीत. शेवटच्या दिवशी तीच गजराबाईंना बोलवायला आली होती. मनातली अढी बाजूला ठेवून गजराबाई गेल्या आणि उशाशी बसल्या.

गोरोबांनी त्यांचा हात धरला.

"दादानं देवीची आण घातली होती, वैनी. लिंबाखाली कुणीच न्हाय. राजी खालच्या बांधाला हाय."